आमटीनं खाल्लेली गाडी

चिखलीच्या चौकात झेंडूचे ढीग दिसायला लागले की मला आधी आठवतो तो ग्राइंडरचा वास. जळलेल्या लोखंडाचा, जरासा आंबूस, घशात बसणारा. फुलांचा वास नंतर येतो.

आमच्या पट्ट्यात, म्हणजे पिंपरीपासून चाकणपर्यंत, ऑक्टोबर तसा वैतागाचाच महिना. पाऊस गेलेला असतो, ऊन चढलेलं असतं आणि दिवाळीआधी माल काढायचा म्हणून ओव्हरटाइम लागलेला असतो. त्यात एकच दिवस सगळं थांबतं, खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपन्यांतली यंत्रं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लावतात. प्रेसला झेंडूचा हार पडतो, फोर्कलिफ्टला उसाची कांडी बांधतात, रोबोच्या हातालाही लाल नाडा मिळतो. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, नुसतं पुसून ठेवायचं, असा रिवाज आहे. मी गेली वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एकदा परदेशी पाहुण्यानं यंत्राला फुलं का घातलीत असं विचारलं, तर आमच्या साहेबांना पटकन उत्तर सुचेना. “आज त्याचा वाढदिवस आहे,” असं त्यांनी सांगून टाकलं. पाहुण्यानं यंत्राला शुभेच्छा दिल्या.

क्वालिटी म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायची नोकरी. माझ्या खिशात कायम पिवळा खडू असतो. काम नीट असेल तर ‘ओके’ लिहायचं, नसेल तर चुकीभोवती गोल करायचा. गोल करताना माझा हात कधी अडखळत नाही, अशी माझी ख्याती आहे. मला ती आवडतेही. लोकांना वाटतं की मी खडूस आहे. तेही खरंच आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वेल्डर. लातूरकडून विशीत आले ते पिंपरीतल्या कंपनीत लागले आणि रिटायर होईपर्यंत काच तोंडापुढे धरून उभे राहिले. त्यांच्या मनगटांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत. लहानपणी मी ते मोजायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी घरच्या पार्किंगमध्ये एक छोटं वेल्डिंग मशीन ठेवलं. कुणाचं गेट, कुणाच्या टाकीचा स्टँड, असं काहीबाही करत राहिले. पण अण्णांच्या आधी आईबद्दल सांगायला हवं, कारण गाडी तिची होती.

आई खानावळ चालवायची. आधी चिखलीतच, शिफ्टवाल्या एकट्या माणसांसाठी. मग चाकणच्या दोन वर्कशॉपांचे डबे मिळाले आणि सायकलीवर ते जाईनात. त्याच सुमाराला अण्णांच्या कंपनीतले एक साहेब बदली होऊन चालले होते आणि त्यांची जुनी गाडी विकायची होती. गोल नाकाची, गिअर स्टिअरिंगला असलेली, दुधी रंगाची. आईनं ती घेतली आणि स्वतः चालवायला शिकली. अण्णा कधीच शिकले नाहीत. “माझा हात आगीवर चालतो, चाकावर न्हाई,” असं ते म्हणायचे आणि शेजारच्या सीटवर मांडीवर चपात्यांची टोपली घेऊन बसायचे. लातूरकडची बाई पदर खोचून असली साहेबी गाडी चालवते म्हटल्यावर मोशीच्या चौकात ट्रकवालेही वाट द्यायचे.

मागच्या डिकीत आमटीचे मोठे डबे असायचे. चिंचगुळाची आमटी, मीठ जरा पुढे, कारण उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला अळणी चालत नाही. चाकणच्या रस्त्यावर ब्रेक मारावे लागले की आमटी हिंदकळायची, झाकणातून सांडायची आणि डिकीच्या भोकातून खाली ठिबकायची. पंधरा वर्षं ती तशी ठिबकत होती. काही कुत्री तर गाडीचा आवाज ओळखून सिग्नलला उठून उभी राहायची. खानावळ बंद झाली आणि गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. आई आठवड्यातून एकदा तिला भाजीबाजारापर्यंत फिरवून आणायची. तेवढीच तिची चैन होती.

तीन वर्षांपूर्वी, गणपती गेल्यावर, गाडीच्या पासिंगची तारीख जवळ आली. आईनं गाडी गॅरेजवाल्या सलीमभाईंकडे नेली. त्यांनी ती वर उचलली, स्क्रू-ड्रायव्हरनं मागच्या बाजूला टोचलं आणि स्क्रू-ड्रायव्हर दांड्यापर्यंत आत गेला. गाडीच्या पोटाखाली मागच्या बाजूला एक लोखंडी चौकट असते. सलीमभाई तिला सबफ्रेम म्हणतात. मागची चाकं, स्प्रिंगा, सगळं तिलाच धरून असतं. तिचे चारही कोपरे कुजले होते.

“बाकी गाडी ठणठणीत आहे,” सलीमभाई म्हणाले. “फक्त मागचंच असं कसं कुजलं? समुद्राकाठची गाडी आहे का ही?”

“समुद्र कुठला,” आई म्हणाली. “आमटी.”

सलीमभाईंनी या गाडीची चौकट आता कुठे मिळणार नाही असं सांगितलं. भंगारात द्या, म्हणाले. आईनं मान डोलावली आणि गाडी घरी आणली. अण्णांनी दुपारी जेवताना जाहीर केलं, “चौकट म्या करतो.”

माझा विरोध होता. मी तेव्हाही लग्नानंतरच्या घरी पुनावळ्याला राहत होते आणि गुरुवारच्या सुट्टीला चिखलीला यायचे. आदल्या वर्षी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. तेव्हापासून त्यांनी मशीनवरचं पोतंही काढलं नव्हतं. गेटचं काम वेगळं, तिथे टाका सुटला तर गेट कुरकुरतं. इथे आई गाडी चालवणार होती. मी तसं स्पष्ट म्हणाले.

“मग तू तपास की,” अण्णा म्हणाले. “क्वालिटीला हाईस ना? एकबी गोल निघाला तर गाडी भंगारात. म्या हू का चू करणार न्हाई.”

तसं ठरलं. आईनं दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, “तुमचं ठरलं, माझ्या गाडीचं.” पण तिनं मोडता घातला नाही.

सलीमभाईंनी चौकट खोलून दिली आणि गाडी आमच्या पार्किंगमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. पुढचे तीन आठवडे मी आठवते तेव्हा मला क्रम नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. वायर-ब्रशनं गंज घासताना नाकात गेलेली लाल धूळ. अण्णांनी कुजके कोपरे कापून वेगळे काढले तेव्हा आतून निघालेला मोहरीचा एक दाणा. आईनं तो बोटावर घेऊन निरखला. “फोडणी नीट बसली न्हवती बघ त्या दिवशी,” ती म्हणाली. वेल्डिंगचा रॉड पेटला की घरातले दिवे क्षणभर मंद व्हायचे, शेजारच्यांचेही व्हायचे. शेजारी तात्या, चिखलीतल्या जुन्या गावकरी घरातले. ते कुंपणावरून बघत म्हणायचे, “आवं अण्णा, आमच्या टीव्हीतली माणसं पार थरथरत्यात. पन चालू द्या. गाडी व्हायला पायजे.”

आणि अण्णांचा हात आठवतो. नव्या भिंगांना काळ्या काचेतून दिसायला पहिले दोन दिवस त्रास झाला. त्यांनी भंगाराच्या तुकड्यांवर रोज तास-तास सराव केला. मी बघत नसताना करायचे, पण तुकडे कोपऱ्यात पडलेले असायचे, त्यावरून कळायचं. हळूहळू रेघ सरळ आली. नवे कोपरे मापात कापून बसवले. मी भिंग लावून, खडू हातात घेऊन प्रत्येक जोड तपासला. गोल करायला जागाच सापडेना. मला आनंद झाला होता, पण मी तो दाखवला नाही. सवयच नाही.

अण्णांनी त्या दिवसांत मला एक गोष्ट शिकवली. “रॉड सरळ कुणीबी चालवंल,” ते म्हणाले. “पन लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं, अन् आकसताना ओढतं. ही ओढ आवरायची. त्याला हात म्हनतेत.” ती ओढ आवरायला त्यांनी चौकटीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी लोखंडी पट्टी टॅक करून ठेवली होती. टॅक म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता ठिपका. त्या पट्टीला ते टेकू म्हणायचे. चारही कोपरे पक्के होईपर्यंत तो काढायचा नव्हता. चौकटीची दोन्ही तिरपी मापं बरोबर सारखी आली होती. अण्णांनी ती भिंतीवर खडूनं एकाखाली एक लिहिली. टॅक कसा मारायचा हेही त्यांनी मला दाखवलं. मी दहा-बारा मारले. ते बघून काही बोलले नाहीत, म्हणजे वाईट होते.

मग खंडेनवमी आली, नेमकी माझ्या सुट्टीच्या गुरुवारी. चौकटीचे दोन कोपरे पक्के झाले होते, दोन नुसते टॅकवर होते.

सकाळी आई-अण्णा फुलं आणि ऊस आणायला गेले. मी पूजेची मांडणी करायला थांबले. कंपनीत दर वर्षी आम्ही आपापला विभाग सजवून त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. त्या दिवशी मला वाटलं, आपणही टाकू, माझ्या वडिलांचं काम म्हणून. चौकट पुसली, भिंतीला टेकवून उभी केली, हळदकुंकू लावलं. आणि मधोमध तो टेकू. गंजका, वाकडा, कुठल्या तरी कॉटच्या पट्टीचा तुकडा. फोटोत तेवढाच दिसत होता.

मी ग्राइंडर घेतला आणि टेकूचे टॅक उडवले. शेवटचा टॅक सुटला तेव्हा टंग असा आवाज झाला. मला वाटलं, टेकू फरशीवर पडला म्हणून आवाज आला. तेव्हा सतरा वर्षं क्वालिटीत काढलेल्या बाईला असं वाटलं. तो आवाज चौकटीचा होता. तिच्यात दाबून ठेवलेली ओढ सुटली होती आणि ती जराशी तिरकी झाली होती. डोळ्यांना दिसण्याइतकी नाही.

फोटो छान आला. मग माझ्या ध्यानात आलं की अण्णा ओरडतील. टेकू काढला म्हणून आणि खंडेनवमीला हत्यार चालवलं म्हणूनही. मी मशीन लावलं, टेकू होता तिथे धरला आणि दोन टॅक मारले. वरून झेंडूचा हार घातला. अण्णा आले, पूजा झाली, आईनं शिरा केला. फोटोला ग्रुपवर भरपूर अंगठे आले. चौकटीला लावलेलं हळदकुंकू पुसून अण्णांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेले दोन कोपरे पक्के केले. टेकू जागेवर आहे म्हटल्यावर त्यांनी माप पुन्हा घेतलं नाही. का घ्यावं?

त्यानंतरच्या गुरुवारी मी आले. अण्णांनी माझ्यासमोर टेकू कापून काढला, मी टेप धरला. पहिलं तिरपं माप घेतलं, दुसरं घेतलं. नऊ एमएमचा फरक. अण्णांनी टेप माझ्याकडून घेतला, स्वतः मोजलं, मग टोकं बदलून मोजलं. चौथ्यांदा मोजलं नाही. नऊ एमएम म्हणजे मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत चालणार नाहीत. रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत राहील.

मला तत्क्षणी कळलं. तो टंग आवाज कानात पुन्हा वाजला. आणि तरीही मी बोलले नाही.

अण्णा स्टुलावर बसले. “रॉड लई लांब चालवला वाटतं,” ते म्हणाले. “एकदम भरला आसंल. मला वाटलं, थांबून थांबून भरायलोय. हाताला कळंना झालंय, बाई. डोळे आले, पन हात गेला.” मग त्यांनी केबल गुंडाळली, रॉड धरायचा होल्डर पुसला, काच खिळ्याला टांगली आणि आईला हाक मारली. “सलीमला फोन लाव. गाडी घिऊन जा म्हनावं.”

आई दारात आली. तिनं चौकटीकडे बघितलं नाही, अण्णांकडे बघितलं. “बरं,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.  

मी पुनावळ्याला परत आले. का बोलले नाही याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. अण्णा चिडतील. या वयात रक्तदाब वाढेल. शिवाय त्यांनी वेल्डिंग सोडलेलं बरंच आहे, डोळ्यांना आराम. हे शेवटचं कारण सगळ्यात शहाणं वाटत होतं, म्हणून तेच सगळ्यात लबाड होतं. खरं एवढंच की मला लाज वाटत होती.

शुक्रवारी कंपनीत एक ब्रॅकेट वाकडं आलं. मी गोल केला. ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, माझ्याकडून नाही. फिक्श्चर हललेलं होतं.” फिक्श्चर म्हणजे काम करताना भाग पक्का धरून ठेवणारा साचा. मी नेहमीचं वाक्य बोलले. “कुणी हलवलं ते लिहा. नाव आल्याशिवाय फॉर्म बंद होत नाही.”

तो पेन घेऊन उभा राहिला. मला त्याचा चेहरा बघवेना. किती जणांना मी हे वाक्य ऐकवलं असेल, आणि किती हलक्या हातानं. माणूस आपलं नाव लिहिताना कुठे अडतो हे मला माहीतच नव्हतं. मी फॉर्म त्याच्याकडून घेतला, संध्याकाळी बघू म्हणाले आणि शिफ्ट संपताच बस सोडून रिक्षानं चिखलीला आले.

ऊन कलायला आलं होतं. अण्णा पार्किंगमध्येच बसले होते, चौकटीकडे पाठ करून, लसूण सोलत. आईनं काम दिलं होतं. मी चप्पल न काढताच बोलले, कारण काढत बसले असते तर पुन्हा राहिलं असतं.

“अण्णा, टेकू मी काढला होता.”

“कवा?”

“खंडेनवमीला. तुम्ही बाजारात गेला होता. फोटो काढायला ग्राइंडरनं उडवला. मग परत मीच टॅक केला. चौकट तेव्हाच सुटली होती. मी आवाज ऐकला होता.”

अण्णांनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. “फोटो काढायला,” ते म्हणाले.

“हो.”

“खंडेनवमीला.”

“हो.”

“अन् काल म्या बोललो तवा तू हितंच उभी हुतीस.”

मी मान हलवली.  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते बघून अण्णा विरघळतील असं झालं नाही. ते चांगलेच संतापले. “अगं, एक दिवस हत्यार ठिवा म्हनतेत ते कशापायी? जे जसं हाय ते एक दिवस तसं राहू द्यावं म्हनून. फुलं घाला, हळद लावा, पन हलवू नका. तुमाला एक दिवस दम निघंना. यंत्राला हार घालतेत अन् त्याचंच पोट फाडतेत.” असं बरंच. आई आतून आली आणि दाराला टेकून ऐकत राहिली. तात्या कुंपणापाशी येऊन परत गेले.

बोलून झाल्यावर अण्णा उठले. चौकटीपाशी गेले, वाकले. टेकू कापला तिथे माझ्या टॅकचा उरलेला गोळा होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग चष्मा लावून बघितला.

“हा तुजा टॅक?”

“हो.”

“कावळा हागल्यागत दिसायलाय,” ते म्हणाले. आणि मग दुसऱ्याच आवाजात, “म्हंजे हात गेला न्हाई माजा.”

आई आत गेली आणि तिनं चहा टाकला. भांड्यांचा आवाज नेहमीसारखा यायला लागला.

नऊ एमएम परत कसे आणले, ते माझ्या कंपनीत कुणी केलं तर मी त्याला करू देणार नाही. आमच्याकडे असला भाग भंगारात जातो, संपलं. अण्णांनी काही कापलं नाही. ज्या ओढीनं चौकट बिघडली होती, त्याच ओढीला त्यांनी कामाला लावलं. समोरच्या कोपऱ्यांवर बोटभर लांबीची एक रेघ भरायची, निवू द्यायची, मग मी माप घ्यायचं. परत एक रेघ. लोखंड निवेपर्यंत आम्ही बोलायचो. मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं की कंपनीत त्यांचं काम कधी कुणी गोल केलं होतं का. “लई,” ते म्हणाले. “येक इन्स्पेक्टर हुता, त्याला समदीकडं गोलच दिसायचे. पन मानूस खरा. आपलं चुकलं तर आपल्याच नावानं गोल करायचा.” मी टेप गुंडाळत राहिले. दोन दिवसांत नवाचे सहा झाले, सहाचे चार, चाराचे दोन.

“आता राहू दे,” अण्णा म्हणाले. “दोन चालतंय. मानसानं केल्याचं कळाया पायजे.”

मी आयुष्यात दोन एमएम कुणाचे सोडलेले नाहीत. सलीमभाईंना फोन करून विचारलं. ते म्हणाले, जुन्या गाडीत त्याहून जास्त तर बोल्टच्या भोकांत ढिलाई असते. मग मी पिवळ्या खडूनं चौकटीवर ‘ओके’ लिहिलं. माझा टॅकचा गोळा घासून काढायला ग्राइंडर उचलला, तर अण्णांनी हात धरला. “त्याला हात लावू नको. राहू दे तसाच.” त्यावरूनच त्यांनी गंज न धरणारा लाल ऑक्साइडचा रंग मारला.

दिवाळीनंतर पासिंगला गेलो. आई चालवत, अण्णा शेजारी, मी मागे. तपासणाऱ्या साहेबांनी वाकून खाली टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिले. “काम हाताचं दिसतंय,” ते म्हणाले. “कुणी केलं?” अण्णांनी नुसता हात वर केला, शाळेतल्यासारखा. “चांगलं आहे. पण इथे हे काय चिकटलंय?”

“ती आमच्या क्वालिटीवाल्या म्याडमची सही हाय,” अण्णा म्हणाले.

साहेबांना काही कळलं नाही. आई स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली. पासिंग झालं. परत येताना तिनं मुद्दाम मोशीचा वळसा घेतला. सिग्नलला एक कुत्रं पडलेलं होतं. ते उठलं नाही. “नवीन दिसतंय,” आई म्हणाली.

कंपनीतला तो फॉर्म मी नंतर पुरा केला. फिक्श्चर खरोखरच हललेलं होतं, शोधायला अर्धा तास लागला. अजूनही मी गोल करते, खडूसपणाही गेलेला नाही. फक्त नाव विचारलं की समोरच्याला थोडा वेळ देते.

त्या हंगामानंतर अण्णांनी अडीच वर्षं काम केलं. तात्यांच्या गोठ्याचं फाटक केलं, विहाराच्या पायऱ्यांचा कठडा केला, आईला कुंड्यांचा स्टँड केला. मी गप्प बसले असते तर यातलं काही झालं नसतं, हे मला त्या प्रत्येक वस्तूकडे बघताना आठवतं. एका फोटोपायी माझ्या हातून त्यांची ही अडीच वर्षं जाणार होती. मला अजूनही त्याची भीती वाटते.

यंदा उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. आधी बशीतला चहा सांडायला लागला, मग सुपारी कातरता येईना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. काल खंडेनवमी होती. मी सकाळीच आले, कारण आता मांडणी अण्णांच्या समोरच करायची असा नियम आहे. मशीन, ग्राइंडर, चिमटे, काच, होल्डर. सगळं पुसून ओळीत मांडलं. आई झेंडू ओवत होती.

अण्णा म्हणाले, “बाई, आता खरंच गेला बघ हात.”

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “मोजलं का?”

त्यांनी पूजेतला एक रॉड उचलला आणि त्याचं टोक फरशीच्या रेघेवर धरायचा प्रयत्न केला. टोक रेघेच्या अलीकडे पलीकडे होत राहिलं. आम्ही तिघंही बघत होतो. त्यांनी रॉड परत ओळीत ठेवला. “मोजलं,” ते म्हणाले. “आन् या येळेला टेकू कुनी काढला न्हाई.”

ते रडवेले झाले नव्हते. परवा पाऊस थांबला, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. पहिल्या वेळी हात गेला म्हणाले होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते आता नव्हतं. रडू मला आलं, आणि ते मी लपवलं नाही.

अण्णांनी हार घातलेला होल्डर हळूच सरकवला, त्यांच्या पाटासमोरून माझ्या पाटासमोर. “उद्यापास्नं तू धर. टॅक मारायला शिक नीट. कावळे हागवू नको.”

मी होल्डर उचलायला हात पुढे केला.

“उद्या म्हनलं,” अण्णा म्हणाले. “आज हाय तसं राहू दे.”

मी हात मागे घेतला. आईनं उदबत्ती लावली. काल दिवसभर तो होल्डर माझ्यासमोर होता, पण होता अण्णांचा.